हे कापड तिचं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या हस्तकला प्रदर्शनाची बातमी वाचली. बातमी चांगल्या मनानं लिहिली होती आणि अशा विषयाला अर्धं पान मिळतं असं रोज घडत नाही, म्हणून आधी आभार. सोबतच्या फोटोत निळं-पांढरं विणलेलं कापड हातात धरून टेबलामागे जी उभी आहे, ती माझी जुनी विद्यार्थिनी. अशाच व्यक्तींसाठीच्या एका कार्यशाळेच्या विणकाम विभागात मी १९ वर्षं शिकवलं. त्यातली १४ वर्षं ती माझ्या शेजारच्या मागावर बसत होती, तेव्हा सहकारीच म्हणायला हवं.

तो अंक घेऊन मी मुद्दाम तिच्याकडे गेले. तिला वाचता येत नाही, फोटो मात्र फार आवडतात. तिनं स्वतःला ओळखलं, हसली, मागे उभ्या असलेल्या तिघांची नावं सांगितली. मग तिचं बोट हातातल्या कापडावर आलं आणि तिथंच थांबलं.

‘‘हे माझं नाही,’’ ती म्हणाली.

मी चष्मा लावून नीट पाहिलं. किनार पट्टी धरून आखल्यासारखी सरळ होती. तिची किनार मी अंधारातही हात फिरवून ओळखीन. ही तिची नव्हती.

आपल्या बातमीचा मथळा ‘विशेष मुलांची किमया’ असा होता. त्यातल्या ‘मुलां’वर माझा आक्षेप आहे, पण त्याकडे नंतर येते. आधी किनारीबद्दल, कारण तशा किनारी मी स्वतः कितीतरी केल्या आहेत.

ज्यांनी कधी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा. त्यातून धोटा इकडून तिकडे फेकला की आडवा धागा पडतो, तो बाणा. फणी ओढून तो आधीच्या ओळीला भिडवायचा. ऐकायला सोपं आहे. पण बाणा ताण्याच्या वरून-खालून जातो, त्यामुळे त्याला सरळ अंतरापेक्षा जास्त लांबी लागते. नवशिका माणूस धागा घट्ट ओढून घेतो, मग कडेचे धागे आत खेचले जातात आणि कापडाला मधेच कंबर येते. वर हातभर रुंद असलेलं कापड खाली चार बोटं कमी भरतं. विणणारा कोण आहे हे त्या कंबरेवरून कळतं. माझी स्वतःची पहिली दोन वर्षांची कापडं तशीच होती.

प्रदर्शन जवळ आलं की आमच्याकडे घाई सुरू व्हायची. मोठी मागणी, ठरलेली तारीख. संध्याकाळी सगळे घरी गेले की मी आणि माझी मदतनीस दिवे लावून बसायचो. दिवसभरात विणलेलं पाहायचं, कंबर आलेली असेल तिथपर्यंत उसवायचं, पुन्हा विणायचं. सकाळी माणसं येण्याआधी धोटा जिथे होता तिथेच ठेवायचा. कापड पूर्ण झालं की त्यावर चिठ्ठी लागायची, ‘हे कापड बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीने विणले आहे.’ आम्हाला यात काही गैर वाटत नव्हतं. लोकांनी दया म्हणून घेऊ नये, वस्तू चांगली आहे म्हणून घ्यावी, असं आम्ही एकमेकींना सांगत असू. ‘सफाई’ हा आमचा शब्द होता. सफाई करायला थांबतेस का, असं विचारायचो.

फोटोतल्या या माझ्या विद्यार्थिनीची एक सवय होती. दिवसाचं काम संपलं की ती शेवटच्या ओळीत लाल धाग्याचा बोटभर तुकडा घालायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आज इथवर आलो, उद्या इथून पुढे, एवढाच त्याचा अर्थ. कापड उतरवताना आम्ही ते तुकडे ओढून काढत असू. एका रात्री मी तिचं दोन वितींचं विणकाम उसवलं, नीट विणून काढलं आणि तो लाल तुकडा परत घालायचं विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही. तो पुन्हा घालायचा हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी ती मागावर बसली. तिनं लाल धागा शोधला. कापडावरून हात फिरवला, वाकून खालून पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘बाई, कोण आलं होतं?’’

मी म्हटलं, ‘‘कुणी नाही.’’

त्यानंतर ११ दिवस तिनं धोट्याला हात लावला नाही. यायची वेळेवर, डबा ठेवायची, मागावर बसायची, हात मांडीवर. आम्ही तिच्या नोंदवहीत लिहिलं, ‘कामातला रस कमी झाला आहे. वर्तनात बदल. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’ ते अक्षर माझं आहे. शिक्षिकेनं रात्री काय केलं, यासाठी त्या वहीत रकाना नव्हता.

बाराव्या दिवशी मी तिच्याजवळ स्टूल ओढून बसले आणि सांगितलं, ‘‘मी आले होते. मी उसवलं.’’ तिनं बराच वेळ विचार केला. रडली नाही, रागावली नाही. ‘‘विचारायचं,’’ एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून विणायला लागली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पुढचे कितीतरी दिवस ती घरी जाण्याआधी मागावर चादर टाकायची आणि चादरीची टोकं मागाच्या पायांना बांधून ठेवायची.

हे फक्त आमच्या विभागात होत होतं असं समजू नका. मेणबत्ती विभागात गरम मेण ओतायचं काम कर्मचारीच करायचे. भाजण्याच्या भीतीनं ते ठीकच आहे, पण मग वात कापणं आणि मेणबत्ती कागदात गुंडाळणं एवढाच ज्याचा वाटा, त्याच्या नावावर अख्खी मेणबत्ती कशी? रंगकामात बाह्यरेषा शिक्षकाची, आत रंग विद्यार्थ्याचा, बाहेर गेलेला रंग पुसणारा पुन्हा शिक्षक. त्या चित्राखाली नाव एकाचंच. घरच्यांना फोटो छान मिळतो, देणगीदाराला भेटवस्तू छान मिळते, आणि ज्यानं ते केलं असं म्हणायचं, तो माणूस स्वतःच्याच कामासमोर परका उभा असतो. त्याला कळत नाही असं आपण धरून चालतो. तिला लाल धाग्यावरून कळलं होतं.

यावर मला नेहमी विचारतात, मग वेडंवाकडं तसंच विकायचं का? याची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी फारशी जुळत नाहीत.

पहिलं म्हणजे शिकवा. नीट शिकवलं तर पुष्कळ जमतं. अमेरिकेत १९७० च्या दशकात मार्क गोल्ड नावाच्या माणसानं, ज्यांना काहीच येणार नाही असं सगळे म्हणत होते अशा तीव्र बौद्धिक अक्षमतेच्या लोकांना सायकलच्या ब्रेकची जुळणी शिकवली. सुट्या भागांमधून पूर्ण ब्रेक, क्रमानं. काम बारीक पायऱ्यांत मोडायचं आणि एखादी पायरी अडली तर शिकणाऱ्याला दोष न देता आपली शिकवण्याची रीत बदलायची, हा त्याचा आग्रह होता. शिकवताना तो फार कमी बोलत असे. कौतुकाचा वर्षावही करत नसे. शिक्षक गप्प आहे म्हणजे बरोबर चाललं आहे, हे शिकणाऱ्याला उमगत असे.

उशिरा का होईना, मीही धोटा फेकण्याच्या ११ पायऱ्या पाडल्या. सहावी पायरी सगळ्यांची अडायची. धोटा पलीकडे गेल्यावर धागा सरळ न ओढता मधे उंच, डोंगरासारखा ठेवायचा आणि मग फणी ओढायची, म्हणजे कंबर येत नाही. ‘डोंगर करा’ असं सांगून कुणालाही समजलं नाही. शेवटी पुठ्ठ्याचा खराच डोंगर कापला. धागा त्यावरून न्यायचा, पुठ्ठा काढायचा, फणी ओढायची. मागाच्या, पायानं दाबायच्या दोन पट्ट्यांना दोन रंग दिले आणि तेच रंग बुटांवर चिकटवले. ओळी मोजण्यासाठी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत मणी. माझ्याकडच्या पाच जणांपैकी तिघांच्या किनारी काही महिन्यांत सुधारल्या, तिची त्यातच. चौथा पुठ्ठ्याच्या डोंगराच्या प्रेमात पडला आणि त्याला रंगवत बसला. पाचव्याच्या कापडाला शेवटपर्यंत कंबर राहिली.

पण सगळ्यात अवघड गेलं ते माझं ‘शाब्बास’ बंद करणं. प्रत्येक ओळीनंतर मी ‘वा वा, छान’ म्हणायची. त्यामुळे प्रत्येक ओळीनंतर सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे, कापडाकडे कुणीच नाही. मी गप्प बसायला लागल्यावर पहिला आठवडा सगळेच अस्वस्थ होते, मीसुद्धा. मग हळूहळू नजरा किनारीवर आल्या.

दुसरं उत्तर त्या पाचव्या माणसाचं. जपानमध्ये मिसाओ जो नावाच्या बाई साठीच्या उंबरठ्यावर विणायला लागल्या. त्यांच्या एका कापडात ताण्याचा एक धागा राहून गेला होता. माहीतगारानं ते सदोष ठरवलं, त्यांना मात्र तेच सुंदर वाटलं. पुढे त्या मुद्दाम धागे सोडून विणू लागल्या आणि त्यातून ‘साओरी’ नावाची विणकामाची पद्धत उभी राहिली. यंत्र आणि माणूस यांच्यातला फरक लक्षात ठेवा, हे तिच्या मूळ तत्त्वांपैकी एक. आज ही पद्धत अक्षमता असलेल्या लोकांच्या अनेक कार्यशाळांत वापरली जाते. मी हे वाचलं तेव्हा निवृत्तीला चार वर्षं उरली होती. त्या पाचव्या माणसाची कापडं मग आम्ही न उसवता ठेवायला लागलो. पहिल्या प्रदर्शनात त्यातलं एकही गेलं नाही. दुसऱ्यात एक गेलं. तो रोज येत राहिला आणि सगळ्यात जास्त विणत राहिला. विक्रीचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

न उसवण्याचं आणखी एक जुनं उदाहरण मला आवडतं. इंग्लंडमधल्या अर्ल्सवूडच्या, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या आश्रयगृहात एकोणिसाव्या शतकात जेम्स हेन्री पुलेन नावाचा सुतार राहत होता. ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाची प्रतिकृती करायला त्यानं सात वर्षं घेतली. तिच्यात ५,५८५ रिव्हेट होते. पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा ती बुडाली आणि ती पुलेननंच दुरुस्त केली. आमच्या कार्यशाळेत असता तर प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आम्ही ती गुपचूप दुरुस्त केली असती आणि ती बुडाली होती हे त्याला कधी कळलंच नसतं.

ज्युडिथ स्कॉटचं नाव अशा लेखांत नेहमी येतं, पण अर्धवट येतं. डाउन सिंड्रोम असलेली, ऐकू न येणारी ही बाई जवळजवळ ३५ वर्षं संस्थांमध्ये बंद होती. जुळ्या बहिणीनं तिला बाहेर काढलं आणि १९८७ मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथल्या ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या कलाकेंद्रात जाऊ लागली. हे केंद्र १९७४ पासून सुरू आहे. पुढे तिनं वस्तूंभोवती सूत आणि कापड गुंडाळून केलेली शिल्पं मोठमोठ्या संग्रहालयांत गेली. हा भाग सगळे सांगतात. त्याआधी जवळजवळ दोन वर्षं तिनं तिथे विशेष काहीच केलं नव्हतं, हा भाग राहून जातो. कागदावर रेघोट्या ओढायची, लक्ष नसायचं. मग एका सूतकाम करणाऱ्या कलावतीच्या वर्गात तिच्या हाताला धागा लागला. दोन वर्षं काही न घडूनही तिला त्या केंद्रानं घालवलं नाही. आमच्याकडे तिमाही अहवाल असे. दोन तिमाह्या कोऱ्या गेल्या की ‘विभाग बदलून पाहा’ असा शेरा यायचा.

तरी ज्युडिथचं उदाहरण देताना मला भीती वाटते. ‘प्रत्येकात एक कलाकार दडलेला असतो’ हे वाक्य मी पालकसभांमध्ये इतक्यांदा ऐकलं आहे की कान किटले. माझ्या विभागातले बहुतेक जण साधे कामकरी होते. बरे दिवस, वाईट दिवस, कधी आळस, कधी हट्ट. सोमवारी हात चालत नाही म्हणणारे. माझ्यासारखेच.

आणि कामकरी म्हटलं की पैशांचं बोलावंच लागतं. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं २७ वं कलम कामाच्या हक्काचं आहे. २०२२ मध्ये त्या कराराच्या समितीनं स्पष्टच म्हटलं की फक्त अक्षम लोकांना वेगळं बसवून चालवलेल्या कार्यशाळा म्हणजे तो हक्क मिळाला असं नाही. अमेरिकेत १९३८ च्या कायद्यातल्या एका कलमानं अशा कामगारांना किमान वेतनाहून कमी देण्याची परवानगी देऊन ठेवली. त्यासाठी घड्याळ लावून त्यांचा वेग अक्षमता नसलेल्या कामगाराच्या वेगाशी ताडून पाहिला जातो. काही राज्यांनी हा प्रकार बंद केला आहे. माझं समितीशी निम्मं पटतं. आमची जागा बंद झाली असती तर त्या पाच जणांपैकी चौघे घरी भिंतीकडे बघत बसले असते, हे मला माहीत आहे. पण निदान आधी ठरवा तरी. हा छंदवर्ग असेल, तर बाहेरच्या मागण्या आणि ठरलेल्या तारखा घेऊ नका. हा कारखाना असेल, तर मोबदला द्या, रजा द्या आणि ‘आज मला विणायचं नाही’ म्हणण्याची मुभा द्या. मोबदल्याच्या वेळी ‘ही तर उपचारपद्धती आहे’ आणि तारखेच्या वेळी ‘चला, हात चालवा’, असं दोन्हीकडून सोयीचं तेवढं आम्ही उचलत होतो.

आता ‘मुलां’बद्दल. फोटोतल्या ‘मुली’चं वय ५१ आहे. तिच्या केसांत माझ्याइतकीच चांदी आहे. तिला सगळे घरगुती लाडक्या नावानं हाक मारतात आणि ‘अगं’ म्हणतात. मीही १४ वर्षं तेच केलं. एकदा कार्यशाळेच्या गाडीवर नवा मदतनीस आला आणि चढताना म्हणाला, ‘‘अहो ताई, सांभाळून.’’ ती पायरीवरच थांबली, ओढणी सारखी केली आणि मग चढली. दिवसभर प्रत्येकाला सांगत होती, ‘‘मला अहो म्हणाला.’’

शब्दाचा प्रश्न नुसत्या मानाचा असता तर मी पत्र लिहिलं नसतं. आमच्या विभागात डाउन सिंड्रोम असलेले एक गृहस्थ होते, ४८ वर्षांचे. वीस वर्षं न चुकता विणणारे. त्यांचे पाय चुकायला लागले, निळ्याऐवजी लाल पट्टी. आम्ही म्हटलं, लाडावले आहेत. एकविसाव्या गुणसूत्राची जी जास्तीची प्रत डाउन सिंड्रोममध्ये असते, तिच्यावरच अल्झायमरशी संबंधित एक जनुक असतं. त्यामुळे या लोकांना स्मृतिभ्रंश चाळिशी-पन्नाशीतच गाठू शकतो. ही गोष्ट मला फार उशिरा, एका व्याख्यानात कळली. १९८० च्या सुमारास श्रीमंत देशांतही डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं, आता तिथे ते साठीपर्यंत गेलं आहे. म्हणजे म्हातारपण ही या कार्यशाळांपुढची नवी गोष्ट आहे. त्या गृहस्थांना विश्रांती हवी होती, कमी उजेडात न चुकणारे ठळक रंग हवे होते, सोबतीला बसून नुसतं सूत गुंडाळायचं काम हवं होतं. पण आमच्या कागदोपत्री ते ‘विशेष मूल’ होते. मुलाला कुणी निवृत्त करत नाही.

फोटोतलं कापड कुणी विणलं ते मला माहीत नाही. तिथल्या शिक्षिकेवर मी राग धरलेला नाही. तिच्याही समोर तारीख असणार, तीही संध्याकाळी दिवे लावून बसली असणार. तिला भेटायची माझी इच्छा आहे. पुठ्ठ्याचा डोंगर अजून माझ्याकडे आहे, तो तिला देईन.

आपल्याला एकच विनंती. आपल्या दैनिकात चुका झाल्या की दुसऱ्या पानावर दुरुस्ती छापता. मागे एका खेळाडूचं आडनाव चुकलं होतं तेव्हा छापली होती. तशी ही छापावी. नाव छापायचं का, असं मी तिला विचारलं. ‘‘नको,’’ म्हणाली, म्हणून नाव नाही. मजकूर पुढीलप्रमाणे:

‘गेल्या रविवारच्या अंकातील प्रदर्शनाच्या फोटोत उजवीकडून दुसऱ्या असलेल्या बाईंचे वय ५१ वर्षे आहे. त्या विणकर आहेत. त्यांच्या हातातील कापड त्यांनी विणलेले नाही.’

कळावे,
आपली,
एक निवृत्त विणकाम-शिक्षिका